चौथा डाव, एक फूट

कोलाचींचं, म्हणजे गोड सारण भरलेल्या पावांचं, ताट टेबलावर येईपर्यंत फुटबॉलचा विषय काढायचा नाही, हा कुबेनांच्या घरचा थँक्सगिव्हिंगचा नियम. मार्लीनच्या आईने केलेला. आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी मार्लीनने तो जसाच्या तसा चालवला होता. त्यामुळे या घरात टर्की कोणी चवीने खात नाही. सगळे माना खाली घालून गिळतात आणि डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे. मी चाळीस वर्षं त्यांचा शेजारी. तीनदा त्या टेबलावर जेवलोय आणि तिन्ही वेळा मला ठसका लागलाय.

त्या वर्षी नियम मोडला तो खुद्द मार्लीनने.

मार्लीनचा बाप, म्हातारा एमिल, टर्की कापायला उभा होता. एक्याऐंशी वर्षांचा, पण सुरी अशी धरलेली की वाटावं आता कोणाला तरी मैदानाबाहेर काढतोय. एकोणतीस वर्षं तो ब्रश प्रेअरी कॉलेजचा कोच होता, मैदानाला नावही त्याचंच. त्याच्या डाव्या हाताला जावई वेड स्ट्राउड, मार्लीनचा नवरा, आत्ताचा कोच. उजव्या हाताला मुलगा लेलँड, अठरा वर्षं गावातल्या हायस्कूलचा कोच. आणि त्या दोघांच्या मधोमध, एमिलच्या समोर, लेलँडचा मुलगा ब्रोडी, कॉलेजच्या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, दोन्हीकडे सॉस पास करत बसलेला.

"वेड, तू काहीच घेतलं नाहीस," एमिल म्हणाला.

"भूक नाही, कोच."

"क्लोबासा तरी घे. हा सॉसेज तुझ्यासाठीच भाजलाय."

"डॅडी, त्याला भूक कशी लागेल?" मार्लीनने हातातला चमचा खाली ठेवला. "डेनी गेला तो चालींच्या सगळ्या खुणा बरोबर घेऊन गेलाय. पेकन रिव्हरला."

लेलँडच्या बायकोने, लोरेनने, दचकून कोलाचींच्या ताटाकडे बघितलं. ते अजून ओट्यावरच होतं.

"मार्लीन," वेड दबक्या आवाजात म्हणाला, "आपलं ठरलं होतं."

"तुझं ठरलं होतं. मला आता हे पोटात ठेवता येत नाही."

डेनी म्हणजे वेडचा सहायक कोच, नुकताच पेकन रिव्हर कॉलेजला जाऊन मिळालेला, आणि शनिवारी त्यांच्याशीच सामना होता. हरलो तर सोमवारी विश्वस्त मंडळ वेडला नारळ देणार आणि त्याची जागा लेलँडला मिळणार. मंडळाचा अध्यक्ष हॉलिस बर्डेट याने लेलँडला तसं तोंडावर सांगितलं होतं. जिंकलो तर वेड राहणार. हे टेबलावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं, ब्रोडीलासुद्धा, आणि जिंकायचं की हरायचं ते बरंचसं ब्रोडीच्याच हातात होतं. आता बोला. असल्या घरात टर्की कशी गिळायची?

भांडणाचं मूळ जुनं. एमिलचा खेळ प्रो-स्टाइल. अकराही गड्यांनी घोळका करायचा, चाल ऐकायची, मग ओळीत यायचं. क्वार्टरबॅकने चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या पाठीला अगदी चिकटून उभं राहायचं, हात त्याच्या पायांमधून पुढे, आणि चेंडू थेट हातात घ्यायचा. मागे एक दांडगा फुलबॅक. तीन यार्ड, चार यार्ड, रेटत जायचं. वेड आला आणि त्याने स्प्रेड आणला. घोळका बंद. पोरं मैदानभर पांगवायची, क्वार्टरबॅक पाच पावलं मागे, चेंडू हवेतून त्याच्याकडे येणार. प्रत्येक चालीआधी अकराही जणांनी मैदानाच्या कडेला बघायचं, तिथे चार राखीव पोरं मोठे फलक उंच धरून उभी. फलकावर चित्रं: कोंबडा, बूट, ट्रॅक्टर, कलिंगड. त्यावरून चाल कळायची की लगेच सुटायचं. समोरच्याला श्वास घ्यायची उसंत नाही. ही चित्रं रंगवायची मार्लीन. फुलबॅक ही जागाच वेडने यादीतून काढून टाकली आणि एमिल त्याच्याशी दोन महिने बोलला नाही. आमच्या गावात लोक चर्च बदलतील, पण या बाबतीत पक्ष बदलणार नाहीत.

"म्हणजे," एमिलने सुरी बाजूला ठेवली, "डेनीला कोंबडा म्हणजे काय ते माहितीये."

"कोंबडा, बूट, सगळं," वेड म्हणाला. "हाताच्या खुणासुद्धा. त्यानेच माझ्याबरोबर बसून केल्यात. गेल्या शनिवारी त्यांचा सामना बघायला माणूस पाठवला होता. डेनी आत्ताच दुर्बीण घेऊन कडेला उभा राहतो म्हणे, सराव करतोय."

"मग दुसऱ्या खुणा कर."

"दोन दिवसांत? शंभर चाली आहेत, कोच. पोरांच्या डोक्यात काला होईल."

"मग घोळका कर! माणसासारखा! कानात सांगायचं, संपला विषय. मी एकोणतीस वर्षं सांगितलं, एकदाही कोणी दुर्बीण लावून कान ऐकले नाहीत!"

"घोळका केला की वेग गेला. वेग गेला की आम्ही गेलो. त्यांची पोरं आमच्यापेक्षा चाळीस-चाळीस पौंडांनी जड आहेत. त्यांना दमवलं नाही तर ती आम्हाला चिरडतील."

"हेच मी चार वर्षं म्हणतोय. जड पोरं आणा."

"जड पोरं मोठी कॉलेजं घेऊन जातात, डॅडी," मार्लीन म्हणाली. "आपल्याकडे उरतात ती ही." तिने ब्रोडीच्या काडीसारख्या दंडाकडे बोट दाखवलं.

"थँक यू, आंट मार्लीन," ब्रोडी म्हणाला.

लोरेन फिस्सकन हसली. लेलँड नाही हसला. तो बटाट्यात काट्याने रेघा ओढत बसला होता. खरं सांगायचं तर त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी: आता हे हरणार. आणि त्याला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची लगेच लाजही वाटली, कारण शेजारी त्याचा मुलगा बसला होता आणि हरणार होता तो पण.

नोकरी मेव्हण्याला गेली तेव्हा लेलँडने ती गिळली. चार वर्षं हस्तांदोलन टाळलं, पण गिळली. न गिळवलेली गोष्ट वेगळीच होती. बूट कुठले घ्यायचे इथपासून सगळं बापाला विचारणारा पोरगा कॉलेजात गेला आणि विचारायचा थांबला. आता सगळं कोचला. कोच म्हणाले असं, कोच म्हणाले तसं. घरी आला की फ्रीज उघडायचा, आईला मिठी मारायची, बापाला "सगळं ठीक, डॅड," आणि खोलीत. लेलँड स्वतः क्वार्टरबॅक होता, एमिलचा. आपल्यालाही चार गोष्टी कळतात हे सांगायला तो कितीदा दारापर्यंत गेला आणि परत फिरला.

"आमच्या वेळी," एमिल म्हणाला, आणि सगळ्यांनी आपापल्या ताटात बघितलं, कारण हे सुरू झालं की अर्धा तास, "आमच्या वेळी क्वार्टरबॅक चाल स्वतः ठरवायचा. लेलँडने शेवटची दोन वर्षं एकसुद्धा चाल माझ्याकडून घेतली नाही. हो की नाही रे?"

"हो," लेलँड म्हणाला.

"ओळीवर यायचा, समोर बघायचा, ओरडायचा. आणि आताची ही पोरं! अकरा हंस एकदम मान वळवून कडेला बघतात. डोकं दिलंय देवाने, ते कशाला, हेल्मेट अडकवायला?"

"मी करू शकतो," ब्रोडी म्हणाला.

"काय करू शकतोस?" वेडने विचारलं.

"चाली मी ठरवतो, कोच. तुमच्याच चाली, तुमचाच स्प्रेड. फक्त कडेला न बघता. उद्या सकाळी बसून वीस चालींना नवी नावं देऊ. बसच्या रस्त्यावरची गावं लागतात ना, ती. मी ओळीमागून ओरडेन. वीस नावं कोणाच्याही डोक्यात बसतील."

वेडने खिशाला हात लावला. हा माणूस वाईट नव्हता, पण हातातलं सोडणं त्याला जमत नसे. प्रत्येक चाल त्याची स्वतःची, चार वर्षं. त्याच्या खिशात अगदी थँक्सगिव्हिंगलासुद्धा चालींचा घडी केलेला कागद होता, मार्लीनने शर्ट धुताना कितीदा काढलेला.

"आणि फलक?" तो शेवटी म्हणाला.

"फलक तसेच वर करायचे!" मार्लीन उभीच राहिली. "अरे देवा, हे आधी का नाही सुचलं? फलक वर, पोरांनी माना वळवायच्या, रोजच्यासारख्या. आणि अर्थ काहीच नाही! कोंबडा दाखवा, ट्रॅक्टर दाखवा, काय वाटेल ते दाखवा. बसू दे डेनीला दुर्बीण लावून!"

एमिल तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. म्हातारा हसत होता. स्प्रेडच्या बाजूने हसताना त्याला त्या घरात पहिल्यांदाच कोणी बघितलं.

"लोरेन," तो डोळे पुसत म्हणाला, "ते ताट आण बाई इकडे. उगाच पापात राहायला नको."

*

लेलँड मागच्या कुरणात गेला. तसाच. बर्डेटला फोन करून सांगावं का, की यांचं काही तरी चाललंय? छे. असला विचार आला याचाच त्याला राग आला. कुंपणाच्या खांबाला टेकून तो कुरणातल्या गायी मोजत बसला. अकरा होत्या.

"डॅड."

ब्रोडी. हातात चेंडू, तोंडाला खसखशीची कोलाची लागलेली.

"एक विचारू?"

लेलँड वळला. "विचार."

"सेंटरच्या मागे चिकटून उभं राहून चेंडू कसा घेतात?"

लेलँडला आधी वाटलं पोरगा चेष्टा करतोय. चार वर्षांत नऊ हजार यार्ड फेकलेला क्वार्टरबॅक. वर्तमानपत्रात फोटो.

"म्हणजे? तुला येत नाही?"

"कधी घेतलाच नाही. सातवीपासून पाच पावलं मागेच उभा राहतोय. तुमच्या हायस्कूलमध्येही तुम्ही मला मागेच उभं केलं होतं."

हे खरं होतं. पोराचा दंड चांगला म्हणून लेलँडनेच आपल्या बापाचा खेळ सोडून त्याला मागे उभं केलं होतं. एमिल त्यावरही दोन महिने बोलला नव्हता.

"आता कशाला पाहिजे?"

"शेवटचा एक फूट असला की आम्ही चेंडू पाच यार्ड मागे फेकतो आणि मग एक फूट पुढे जायला बघतो. या वर्षी तीन सामने त्यातच गेले. कोचना म्हटलं तर म्हणतात, शिकवायला वेळ कुठाय. खरं म्हणजे," त्याने चेंडू दुसऱ्या काखेत घातला, "त्यांनाही येत नाही. ते कधी क्वार्टरबॅक नव्हते."

लेलँडने चेंडू हातात घेतला. त्याला स्वच्छ दिसत होतं. हा एक फूट म्हणजे त्याची नोकरी. अठरा वर्षं वाट बघितलेली. पोराला "नंतर बघू" म्हटलं असतं तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

"सेंटर लागेल," तो म्हणाला. "एकट्याने नाही शिकता येत."

"मी होतो सेंटर," मागून आवाज आला.

एमिल कुंपणापाशी उभा होता. कोट काढून खांबावर टाकत होता.

"डॅडी, तुमचा गुडघा!"

"गुडघा नवा आहे. दीड वर्षाचा. तुझ्यापेक्षा तरुण." आणि खरोखर तो गवतात वाकला, हात चेंडूवर, पाठ सरळ, एक्याऐंशीचा म्हातारा. "ये रे. ठेव हात."

"कुठे?"

"कुठे म्हणून काय विचारतोस? खाली! मी तुझा आजोबा आहे, लाजू नकोस!"

स्वयंपाकघराची खिडकी धाडकन उघडली. "लेलँड! डॅडींना काही झालं तर मी तुला गाडीन तिथेच!" मार्लीन ओरडली. मग खिडकी बंद झाली नाही. ती आणि लोरेन तिथेच कोपरं टेकून बघत राहिल्या.

पहिले वीस चेंडू ब्रोडीने पाडले. सगळ्यांचं कारण एकच. चेंडू हातात पोचायच्या आधीच त्याचे हात मागे यायचे. पाठीमागे पाच पावलं राहायची सवय, शरीर मागे पळायला बघायचं. एक चेंडू एमिलच्या मांडीला लागला आणि म्हाताऱ्याने पूर्वजांच्या मोरावियन भाषेत अशी काही शिवी दिली की खिडकीत लोरेनने तोंडावर हात ठेवला.

"थांब," लेलँड म्हणाला. त्याने मुलाची मनगटं धरली. कितीतरी वर्षांनी धरली. "हे बघ. अंगठे जोडलेले. वरचा हात दाबून धर, जोरात, त्याला कळू दे तू आहेस. आणि तो पुढे सरकला की तू त्याच्याबरोबर सरक. तू घ्यायला जाऊ नकोस. तो देईल. तू नुसता तिथे राहा."

"नुसता राहू?"

"नुसता राहा."

एकविसावा बसला. फट्! असा कातड्याचा आवाज झाला आणि एमिल वाकलेलाच म्हणाला, "हां! हा आवाज! चार वर्षं झाली हा आवाज ऐकून!"

त्यांनी दीडशे वेळा केलं. एमिल चाळिसाव्या चेंडूनंतर बादलीवर बसला आणि बसूनच चेंडू दिले. ब्रोडी आत गेल्यावर म्हाताऱ्याने बादलीवरूनच मुलाकडे बघितलं.

"तुला कळतंय ना, काय केलंस?"

"कळतंय."

"बर्डेट मला सोमवारी मत विचारणार होता. मी तुझंच नाव सांगणार होतो."

"माहितीये, डॅडी."

"मग ठीक," एमिल म्हणाला. "मला उठव आता. कंबर धरलीये."

*

शनिवारी दुपारी अडीच वाजता डेनी दुर्बीण लावून पलीकडच्या कडेला उभा होता. मार्लीनने रात्रीचा दिवस करून नवे फलकही रंगवले होते, नुसता गोंधळ वाढवायला: पाणघोडा, चहाची किटली, आणि एका फलकावर चक्क डेनीचाच चेहरा, मिशीसकट. तो फलक पहिल्या चालीला वर गेला तेव्हा अख्खं स्टेडियम हसलं. डेनी सोडून.

पहिल्या अर्ध्या तासात काय झालं ते पेकन रिव्हरच्या लोकांना आजही नीट सांगता येत नाही. कोंबडा वर जायचा, डेनी ओरडायचा, "धाव! धाव येतेय!" त्यांची सगळी जड पोरं पुढे रेटायची, आणि ब्रोडी ओळीमागून एखाद्या गावाचं नाव ओरडून चेंडू त्यांच्या डोक्यांवरून वीस यार्ड लांब फेकून मोकळा. किटली वर गेली की डेनीला घाम फुटायचा. किटली त्याला माहीतच नव्हती.

वेड कडेला उभा होता, खिशात कागद, आणि करायला काहीच नाही. आधी त्याचा हात दोनदा कागदाकडे गेला. मग लक्षात आलं की पोरगा त्याच्याच चाली खेळतोय, त्याच्याच क्रमाने नाही, जास्त चांगल्या क्रमाने. त्याने कागद काढला, बघितला, आणि परत खिशात ठेवला.

मध्यांतराला आम्ही वीस-दहाने पुढे. पण जड पोरं ती जडच. दुसऱ्या अर्ध्यात त्यांनी डेनीचं ऐकणं सोडलं आणि नुसतं रेटायला सुरुवात केली, तीन यार्ड, चार यार्ड, अगदी एमिलच्या वेळेसारखं. स्टँडमध्ये एमिल कपाळाला हात लावून बसला. "माझाच खेळ," तो पुटपुटला, "माझ्याच मैदानावर, आणि चुकीच्या शर्टात." चोवीस-वीस. आम्ही मागे.

शेवटी नऊ सेकंद उरले आणि चेंडू गोललाइनपासून एक फूट. एक फूट! चौथा डाव, शेवटची संधी. किक मारून तीन गुण मिळाले असते, पण लागत होते चार; रेषा ओलांडली तर सहा. वेडने उरलेला एकमेव टाइमआउट घेतला. ब्रोडी धावत कडेला आला, नाकातून रक्त, डोळे लखलखीत.

"कोच, मी सेंटरच्या मागे जातो. चिकटून."

"ब्रोडी, तू ते कधी केलेलं नाहीस."

"केलंय. गुरुवारी दीडशे वेळा. काल आपल्या सेंटरबरोबर, गसबरोबर, शंभर वेळा, तो म्हणतो त्याला आवडलं."

"गुरुवारी कोणाबरोबर?"

"डॅडबरोबर. आजोबा सेंटर होते."

वेडने वर स्टँडकडे बघितलं. बाविसाव्या रांगेत लेलँड उभा होता, टोपी हातात. दोघांची नजर इतक्या लांबून जुळली की नाही कोण जाणे. वेडला मात्र सगळं एका दमात कळलं, काय दिलं गेलंय आणि कोणी.

"जा," तो म्हणाला. "आणि त्यांच्या टोकाच्या गड्यावरची नजर काढू नकोस."

बाविसाव्या रांगेत बर्डेट लेलँडला खेटून उभा होता. चांगल्या कापडाचा कोट, हातात शेंगदाण्यांची पुडी.

"बघ आता," तो म्हणाला. "एक फूट पाहिजे आणि हे चेंडू पाच यार्ड मागे फेकणार. सर्कस. सोमवारी दहा वाजता ये, लेलँड. कागद तयार आहेत."

मैदानावर फलक वर गेले. पाणघोडा. अकराही जणांनी माना वळवल्या. मग ब्रोडी चालत पुढे आला. पाच पावलं मागे थांबला नाही. चालत गसच्या पाठीपर्यंत आला, वाकला, आणि हात खाली घातले.

स्टेडियममधून एक विचित्र आवाज आला. ओरडणं नव्हतं ते. म्हाताऱ्या लोकांचा आवाज होता, आमचा. माझ्या पुढच्या रांगेतल्या यानाकने टोपी काढून छातीशी धरली, राष्ट्रगीताला धरतात तशी.

बर्डेटच्या तोंडातला शेंगदाणा तसाच राहिला. "हे... हे कोणी शिकवलं याला?"

"मी," लेलँड म्हणाला.

बर्डेट हळूहळू त्याच्याकडे वळला. "तू? वेडा आहेस का तू?"

लेलँडने ऐकलं नाही. तो खाली बघत होता आणि त्याचे दोन्ही हात नकळत पुढे आले होते, अंगठे जोडलेले.

फट्! तो आवाज बाविसाव्या रांगेपर्यंत येणं शक्य नाही, पण एमिल आजही शपथेवर सांगतो की त्याला आला. चेंडू हातात. पेकन रिव्हरचे अकराच्या अकरा मधोमध येऊन आदळले, कारण असा चेंडू घेतल्यावर माणूस मधूनच घुसतो, साठ वर्षं घुसतोय. ब्रोडीने गसच्या पाठीमागे एक पाऊल टाकलं आणि डोळे वर केले. त्यांचा टोकाचा गडी आत धावला होता. वेडने चार वर्षं एकच गोष्ट त्याच्या डोक्यात ठोकली होती: तो आत आला तर तू बाहेर. ब्रोडी फिरला, बाहेर पडला, आणि मोकळ्या गवतावरून रविवारी सकाळी टपालपेटीपर्यंत जावं तसा चालत गोललाइन ओलांडून गेला. कोणी त्याला हातसुद्धा लावला नाही.

सव्वीस-चोवीस.

पुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण यानाकने मला उचललं होतं आणि यानाक एकोणऐंशीचा आहे. मार्लीन कठड्यावरून थेट मैदानात उतरली, चर्चचे बूट घालून, आणि वेडच्या अंगावर अशी गेली की तो पडला. एमिल खाली उतरेपर्यंत दहा मिनिटं गेली, प्रत्येक पायरीवर कोणी तरी त्याचा हात धरत होतं.

"माझी चाल!" तो वेडला गाठून म्हणाला. "सेंटरच्या मागे! बघितलीस?"

"हात तुमचे, कोच," वेड गवतात बसल्या बसल्याच म्हणाला, "पण डोळे माझे. टोकाचा गडी बघितला म्हणून गेला तो. तुमच्या पद्धतीने मधे घुसला असता तर अजून तिथेच असता, तळाशी."

"माझ्या पद्धतीने ते सगळे मधे आले म्हणून बाहेर रान मोकळं होतं, गाढवा!"

"हो," वेड म्हणाला. "ते आहेच."

एमिलला भांडायला अजून बरंच होतं, पण समोरच्याने हो म्हटल्यावर काय करणार. त्याने हात पुढे केला आणि जावयाला उठवलं.

लेलँड गर्दीच्या कडेला उभा होता. सोमवारचे कागद आता फाडले जातील हे त्याला ठाऊक होतं. बर्डेट तर निरोप न घेताच निघून गेला होता. अठरा वर्षं वाट बघितली आणि आता वेडला नवा करार मिळणार, किमान पाच वर्षांचा, तोवर लेलँड सत्तावन्नचा. हे सगळं त्याने मनात नीट मांडून बघितलं. आणि तरी त्याला हसू आवरत नव्हतं, गाल दुखेपर्यंत हसत होता तो.

वेड त्याच्याकडे आला. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. मग लेलँडनेच हात पुढे केला.

"चांगला खेळवलास पोराला," तो म्हणाला.

"मी आज काहीच नाही केलं, लेलँड."

"म्हणून तर."

वेड रडायला लागला आणि मार्लीन त्याला ओढून घेऊन गेली.

मग ब्रोडी आला. खांद्यांवरून कोणी तरी त्याला खाली उतरवलं होतं, हेल्मेट हरवलं होतं, नाकात कापूस. गर्दी ढकलत तो बापासमोर येऊन थांबला.

"डॅड. मी जिंकलो तर तुम्हाला मिळणारी नोकरी जाणार, हे तुम्हाला माहिती होतं."

"होतं."

"मलाही माहिती होतं. तरी विचारलं मी तुम्हाला. दोन दिवस झोप नाही लागली त्यावरून." त्याने बाहीने नाक पुसलं, कापूस निघून आला. "तुम्ही नाही म्हणू शकला असता. मग शिकवलंत कशाला?"

लेलँडने आधी त्याचं नाक बघितलं. मोडलेलं नव्हतं. मग त्याने पोराच्या मानेमागे हात घातला आणि त्याचं घामाने निथळणारं डोकं स्वतःच्या खांद्यावर ओढून घेतलं.

"चार वर्षांत पहिल्यांदा काही तरी विचारलंस," तो म्हणाला.